इस्त्रीखाली गेलेलं भाषण

कागदांच्या सुरकुत्या गेल्या ते ठीकच होतं, पण सुरकुत्यांबरोबर अक्षरंही गेली हे सुनेला जरा विचित्र वाटलं. तिने इस्त्री उचलून तळाशी पाहिलं. तिथेही नव्हती.

पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या सासऱ्यांचा आज पाच वाजता निरोप समारंभ होता. तीन आठवडे खपून लिहिलेलं चार पानी भाषण त्यांनी खुर्चीवर ठेवलं, आणि सून त्यावर बसली. (खुर्ची दिसल्यावर माणूस बसणारच.) बाबांना कळायच्या आत एक हात इस्त्री फिरवू, एवढाच तिचा विचार होता. चारही पानं आता लख्ख कोरी होती.

टेबलावर पेनाचं खोकं होतं. ‘खोडता येणारी शाई. उष्णतेपासून दूर ठेवा.’ खाली दुकानाचा नंबर. तिने लावला. नुसताच वाजत राहिला.

“सूनबाई, कसला वास येतोय?” बाथरूममधून आवाज आला.

“काही नाही बाबा, रुमाल!”

“भाषण नीट आहे ना?”

“एकही सुरकुती नाही, बाबा!” (हे अगदी खरं होतं.)

कॉलेजातल्या तीन वर्षांच्या रसायनशास्त्रातून तिच्यापाशी एक दुहेरी बाण तेवढा उरला होता. काही क्रिया गेल्या वाटेने परत येतात, काही कायमच्या जातात. अंडं एकदा उकडलं की उकडलं. बर्फाचं मात्र पाणी होतं आणि पाण्याचा बर्फ. शाई अंड्याच्या जातीची की बर्फाच्या? (बर्फ हे रसायनशास्त्रात मोडत नाही, हे तिला आठवलं नाही. सेकंड क्लास उगाच नव्हता मिळाला.)

गरमीने गेलं ते थंडीने यावं, म्हणून तिने भाषण फ्रीझरमध्ये मटारांवर आडवं केलं आणि पुन्हा फोन लावला. पुन्हा नुसताच वाजला.

दहा मिनिटांनी पाहते तर अक्षरं हजर! तिला नाचावंसं वाटलं. मग लक्षात आलं की गेली होती त्यापेक्षा जास्त आली आहेत. तीन आठवड्यांत बाबांनी घासून घासून खोडलेलं सगळं थंडीने उठून बसलं होतं. ‘आमचे साहेब दूरदृष्टीचे’ याच्या खालून ‘साहेबांना नाकापुढची फाईल दिसत नाही’ डोकावत होतं. साहेब पहिल्या रांगेत बसणार होते. ‘माझी सून घराचा आधार’ याच्या खालून... ते तिने वाचलं आणि पान उलटं ठेवलं.

“सूनबाई, झालीच माझी आंघोळ! भाषण पाकिटात घाल!”

तिने तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी कुणीतरी उचलला.

“हॅलो, काका! तुमच्या त्या खोडायच्या पेनाने लिहिलेलं...”

“हेडक्लार्क साहेबांच्या सूनबाई ना?” दुकानदार शांतपणे म्हणाला. “या, झेरॉक्स तयार आहे. सकाळीच काढून इथे ठेवून गेलेत. म्हणाले, घरात नको. चारला शटर वर कराल तेव्हा फोन वाजतच असेल.”