हौदातली दोन पोती

रविवारी सकाळी चर्चच्या फाटकातच पाळक अमरसिंगांनी सटवाजीचा हात हातात घेतला आणि ते मोठ्या प्रेमानं म्हणाले, "भाऊ, आज तुमी बिनघोर बसा. लेकीचा बाप्तिस्मा, घरात पाहुणे, तुमाला कशाला तकलीफ? पहाटंच मोटार सोडली अन् हौद भरून टाकला मी."

"भरला?" सटवाजीनं विचारलं.

"काठोकाठ! फळ्यासुद्धा काढल्या न्हाईत. फटीतून नळी सोडली."

सटवाजीच्या पायाखालची जमीन सरकली. आता हौद भरला म्हणून कुणाची जमीन सरकायचं कारण नाही, पण सटवाजीला ते होतं. हट्टा गावाच्या अलीकडे, फाट्यावरच्या या छोट्या बाप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर चार थेंब शिंपडण्याचा कारभार नव्हता. माणूस जाणता होतो, सगळ्यांसमोर उभा राहून विश्वास कबूल करतो, आणि मग पाळक त्याला अख्खाच्या अख्खा पाण्यात बुडवून वर काढतात. त्यासाठी व्यासपीठाखाली सिमेंटचा हौद बांधलेला होता. वर फळ्या टाकल्या की झालं व्यासपीठ. वर्षातून एखाद-दोनदा हौद भरायचा, एरवी कोरडा ठणठणीत. त्याची देखरेख सटवाजीकडे होती आणि ती तो इमानेइतबारे करायचा.

पण एप्रिलात अवकाळी वाऱ्यानं सटवाजीच्या घराचे पत्रे उडाले. नुकतीच दळून आणलेली हळद भिजू नये म्हणून कोरडी जागा हवी होती, आणि अख्ख्या गावात त्या हौदाइतकी कोरडी जागा दुसरी नव्हती. सटवाजीनं गुपचूप दोन पोती आत उतरवली. त्यानंतरचे सगळे रविवार तो स्वतःच्याच हळदीवर उभा राहून गाणी म्हणत होता. शनिवारी पोती काढायची, हौद धुऊन घ्यायचा, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असा त्याचा चोख बेत होता. तेवढ्यात शनिवारी सकाळीच डोंगरकडा गावच्या कमलबाई मुलाला घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. यायच्या होत्या रविवारी.

कमलबाईंचा मुलगा रविंद्र सटवाजीच्या प्रतिक्षाला पसंत होता, प्रतिक्षा रविंद्रला पसंत होती. आता ती कमलबाईंना पसंत पडायची तेवढी राहिली होती. मुलीचा बाप्तिस्मा डोळ्यांनी बघायचा आणि मगच शब्द द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"या, या, विहीणबाई," सटवाजी लगबगीनं म्हणाला होता.

"अजून झाले न्हाई विहीण," कमलबाई पाटावर बसत म्हणाल्या होत्या. "आधीच सांगते. आमच्यात हळद न्हाई, रुखवत न्हाई, वाजंत्री न्हाई. हळदीचं बोट जरी लागलं तरी मी सोयरीक मोडून जाईन. पोरीचा बाप्तिस्मा उद्या, आमच्या रविंद्राचा नदीला पाणी आलं की. आमच्या मंडळीला तुमच्यासारखा हौद कुठंय?"

हळद नाही म्हटल्यावर प्रतिक्षाचा चेहरा एवढासा झाला होता. गावातल्या झाडून सगळ्या मैत्रिणींच्या हळदीला ती नाचून आली होती. पण रविंद्र हवा तर हळद सोडायची, असा तिनं मनाशी हिशोब केला आणि निमूट चहा ठेवायला गेली. सटवाजी मात्र दिवसभर कमलबाईंच्या समोरून हलूच शकला नाही. दोनदा तो चपला घालायला उठला आणि दोन्ही वेळा कमलबाईंनी विचारलं, "काहून, आमचा कंटाळा आला का?"

असा हा गुंता घेऊन सटवाजी उपासनेला बसला. पाळकांनी आज नेमका विषय घेतला होता देवाच्या घरात दुकान मांडणाऱ्यांचा. "देवाचं घर म्हणजे गोदाम न्हवं!" असं म्हणून त्यांनी फळ्यांवर पाय आपटला, तेव्हा सटवाजीच्या अंगाला दरदरून घाम फुटला. कमलबाई जोरजोरात मान हलवत होत्या.

"अवो, बरं न्हाई का?" शेजारच्या रांगेतून त्याच्या बायकोनं, शकुबाईनं खुणावलं.

"बरं हाय," सटवाजी म्हणाला आणि हात वर करून उभा राहिला. "पाळकसाहेब, आजची प्रार्थना मी करतो."

पाळकांना गहिवरून आलं. वीस वर्षांत सटवाजीनं स्वतःहून प्रार्थना मागितली नव्हती. तो व्यासपीठावर चढला, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि त्यानं सुरुवात केली. मंडळीसाठी केली, तालुक्यासाठी केली, जिल्ह्यासाठी केली. "अन् हे प्रभू, कनेरगाव नाक्यावरच्या ढाबेवाल्यांनाबी सांभाळ," असं म्हणता म्हणता तो हळूच गुडघ्यांवर बसला. लोकांना वाटलं, भक्तीनं बसला. सटवाजीनं कडेची फळी बोटभर उचलून आत डोकावलं. आत पाणी नव्हतं, कढी होती.

"हे प्रभू!" तो इतक्या कळवळून ओरडला की मागच्या रांगेतल्या दोन बाया रडायला लागल्या.

फळी दडपून तो खाली उतरला आणि पाळकांच्या कानाशी लागला. "साहेब, बाप्तिस्मा फुडं ढकलू. पाणी गढूळ येऊन राहिलं."

"मे महिन्यात बोअरला मुरुमच येतो, भाऊ. गेल्या वर्षीबी आला होता."

"लई गार असंल."

"मे महिन्यात?"

आता खरं सांगावं म्हणून सटवाजीनं तोंड उघडलं, तर समोर कमलबाई त्याच्याकडेच टक लावून बघत होत्या. तोंड आपोआप मिटलं. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, दिवे गेले, आणि ऊन नको म्हणून आधीच लावून घेतलेल्या खिडक्यांमुळे चर्चमध्ये चांगलाच अंधार झाला. फळ्या निघाल्या. त्या अंधारात पाणी म्हणजे नुसतं काळंसर काहीतरी दिसत होतं.

"हळदीचा वास काहून येऊन राहिला?" शकुबाई नाक वर करून म्हणाली.

"भाईर वरण शिजतंय ना," सटवाजी घाईघाईनं म्हणाला. उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनाचं पातेलं खरोखरच अंगणात रटरटत होतं. पातेल्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे, असं त्याला वाटलं.

पांढरा झगा घालून पाळक हौदात उतरले आणि जागच्या जागी थबकले. "भाऊ, पायाखाली मऊ मऊ काय लागून राहिलं?"

"गाळ, साहेब! गाळच तो!"

"मग तुडवून सारखा करतो," असं म्हणून पाळकांनी दोन्ही पोती मन लावून तुडवली. काहीतरी फाटल्याचा आवाज फक्त सटवाजीला ऐकू आला. मग पांढऱ्याशुभ्र कपड्यात प्रतिक्षा पायऱ्या उतरली. लेकीला तसं बघून बापाचा जीव गलबलला. सोयरीक मोडली तरी चालेल, पण लेकराच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस नासवायचा नाही, असं त्याला आतून वाटलं, आणि तो ओरडला, "थांबा! साहेब, थांबा!"

"बापाचं काळीज हाय," पाळक मंडळीला समजावत म्हणाले, आणि त्यांनी प्रतिक्षाला पाण्यात बुडवलं.

ती वर आली आणि त्याच क्षणाला वीज आली.

प्रतिक्षा केसांपासून बोटांपर्यंत पिवळीधमक झाली होती. नाकावरून पिवळा थेंब टपकत होता. पाळकांचा झगा छातीपर्यंत पिवळा, हात कोपरापर्यंत पिवळे. प्रतिक्षानं हातांकडे बघितलं, बोटाचा वास घेतला, आणि इतक्या गंभीर प्रसंगी हसू नये हे माहीत असूनही तिला फसकन हसू आलं.

"हळद!" कमलबाई कडाडल्या. "मी न्हाई म्हणलं तर बाप्तिस्म्याच्या नावाखाली हळद लावली! रविंद्र, ऊठ!"

पण रविंद्र जागचा हलेना. तो प्रतिक्षाकडे बघत बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, आजच्याइतकी सुंदर ती त्याला कधी दिसली नसावी. ते पाहून कमलबाई जास्तच भडकल्या. जाब विचारायला त्या तरातरा व्यासपीठावर चढल्या, कडेला राहिलेल्या ओल्या फळीवर त्यांचा पाय सटकला आणि त्या धबाक् करून हौदात गेल्या. पाळकांनी सवयीनं त्यांना मानेखाली हात घालून वर काढलं आणि सवयीनंच "आमेन" म्हटलं. मंडळीनंही म्हटलं.

शकुबाई आणि प्रतिक्षा त्यांना धरून पाळकांच्या घरात घेऊन गेल्या. बाहेर अंगणात पातेल्याजवळ सटवाजी मान खाली घालून बसला. दुपारचं जेवण वाढलं जात होतं, पण त्याला घास जाणार नव्हता. बऱ्याच वेळानं कमलबाई आल्या. कोरडं लुगडं नेसल्या होत्या, पण चेहरा आणि हात अजून तस्सेच पिवळे होते.

सटवाजी हात जोडून उठला. "हळद माझी, चूकबी माझी. घराचे पत्रे उडाले म्हणून ठेवली होती. पोरीला काहीबी ठावं न्हाई. मला काय बोलायचं ते बोला, पण लेकराची सोयरीक मोडू नका."

"मला ठावं हाय. प्रार्थनेत तुमी फळी उचलून आत बघितलं तवाच म्या वळखलं, ह्यात कायतरी हाय."

"म्हंजे प्रार्थनेत तुमचे डोळे उघडे..."

"इषय बदलू नका." कमलबाई बाजेवर टेकल्या. थोडा वेळ त्या आपले तळहात उलटसुलट करून बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझा बाप प्रचारक होता. लई कडक. शेजारच्या समद्या पोरींना हळद लागली, मला न्हाई. लग्नाच्या दिशी मी आरशात बघितलं तर रोजच्यासारखीच दिसत होते. आज पाळकीणबाईंच्या आरशात बघितलं..." त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण गाल पुसले नाहीत.

सटवाजीलाही भरून आलं. त्यानं त्यांच्यासमोर ताट ठेवलं. कमलबाई वरण-भात कालवून चार घास जेवल्या आणि एकदम पहिल्यासारख्या ताठ बसल्या.

"पाळकसाहेब! लग्नात हळद लावायची न्हाई म्हंजे न्हाई. माझा शब्द बदलत न्हाई."

"बराबर हाय," पाळक म्हणाले. कोपरापर्यंत पिवळ्या हातांमुळे त्यांना यापेक्षा जास्त बोलायचा धीर नव्हता.

"पण आमच्या रविंद्राचा बाप्तिस्मा राहिलाय. नदीच्या पाण्याचा काय भरवसा? लग्नाच्या आदल्या दिशी इथंच उरकू."

"आनंदानं! हौद मी पहाटंच..."

"तुमी न्हाई," कमलबाई म्हणाल्या. "तुमी डोळे मिटून प्रार्थना करा. हौद व्याह्यांनाच भरू द्या."

व्याही हा शब्द ऐकून शकुबाईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. सटवाजी मात्र चांगलाच हुशारला. पुढे सरकून, इकडेतिकडे बघून, त्यानं हळूच विचारलं, "विहीणबाई, दोन पोती टाकू?"

कमलबाईंनी लांब उभ्या असलेल्या मुलाकडे नीट निरखून बघितलं.

"एक बास," त्या म्हणाल्या. "पोरगं आधीच गोरं हाय."