कुलूपरावांचा पाचवा प्रयत्न

दुपारी एक वाजता कुलूपरावांनी संगणकावर यादी उघडली तेव्हा तिच्यात एकच नाव लाल होतं, आणि त्यांना मनापासून आनंद झाला. एकेचाळीस फोनांपैकी चाळीस हिरवे, म्हणजे नवं अपडेट घेतलेले. गेले तीन आठवडे त्यांनी लोकांच्या मागे जो ससेमिरा लावला होता त्याचं हे फळ होतं. आता उरलेला महाभाग कोण ते बघायचं आणि सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढायची, एवढंच बाकी होतं. त्यांनी चष्मा पुसून नाव वाचलं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

कुलूपराव हे अर्थातच खरं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या कंपनीत प्रत्येकाच्या फोनमध्ये शेकडो इमारतींच्या दारांच्या आणि यंत्रखोल्यांच्या कुलपांचे आकडे असतात. ते चोराच्या हाती पडू नयेत म्हणून फोनांच्या सुरक्षेचं काम तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे तात्पुरतं सोपवलं गेलं. त्यांनी मात्र ते इतकं मनावर घेतलं की दर महिन्याला एक नवं पत्रक निघू लागलं, आणि लोकांनीही त्यांना हे नाव बहाल करून परतफेड केली. कुलूपरावांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना सलायचा तो 'तात्पुरतं' हा शब्द. आज चार वाजता मुख्यालयातून तपासणीसाठी एक बाई येणार होत्या. त्यांचा शेरा चांगला पडला तर जागा कायम होणार होती. वाईट पडला तर कुलूपरावांना पुन्हा तळघरातल्या गोदामात सुटे भाग मोजायला बसावं लागणार होतं, आणि ते गोदाम त्यांना अजून स्वप्नात दिसायचं.

तीन तास हातात होते. अपडेटला पाऊण तास पुरतो, असं त्यांनीच पत्रकात लिहिलं होतं. त्यांनी बटण दाबलं. फोनने सांगितलं की बॅटरी निम्म्याहून कमी आहे, आधी चार्ज करा. त्यांचा चार्जर घरी होता. जिन्याजवळ सगळ्यांसाठी चार्जिंगची सोय होती, पण तिथून माहिती चोरता येते म्हणून त्यांनीच मागच्या वर्षी ती चिकटपट्टी लावून बंद केली होती. ते स्वागतकक्षातल्या बाईंकडे चार्जर मागायला गेले.

"देते की, सर," बाई म्हणाल्या, "पण दुसऱ्याचा चार्जर वापरू नये असं तुमचंच पत्रक आहे ना? बघा, इथे लावलंय."

कुलूपरावांनी पत्रक बघितलं. खाली त्यांची सही होती, तीही दोन रेघा ओढलेली. आज मी तपासून बघतोय की कोण देतं आणि कोण नाही, असं काहीतरी पुटपुटत ते माघारी वळले. बाई खूश झाल्या आणि आपण नापास झालो नाही हे त्यांनी दोघातिघांना सांगितलंसुद्धा. शेवटी कुलूपराव भर उन्हात बाजारात गेले, नवा चार्जर विकत घेतला आणि घामाघूम होऊन परत आले तेव्हा दोन वाजायला आले होते.

तीन वाजायला दहा मिनिटं कमी असताना अपडेट संपलं, फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि कुलूपरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी सवयीने अंगठा टेकवला. फोनने अंगठा नाकारला. नव्याने सुरू झाल्यावर आधी सहा आकडी कोड द्यावा लागेल, असं त्याचं म्हणणं होतं.

कोड. कुलूपराव कोड आठवू लागले. दर साठ दिवसांनी कोड बदलायचा, जुना पुन्हा वापरायचा नाही, वाढदिवस घालायचा नाही, कुठेही लिहून ठेवायचा नाही, हे चारही नियम त्यांचे होते आणि ते पाळणारा कंपनीत बहुधा एकच माणूस होता. आठ दिवसांपूर्वीच त्यांनी नवा कोड टाकला होता. तो फार चांगला होता, एवढं त्यांना स्वच्छ आठवत होतं. पण त्या दिवसापासून काम अंगठ्यावर भागत होतं, आणि आकडे डोक्यातून असे गेले होते की त्यांचा मागमूसही उरला नव्हता.

पहिल्यांदा त्यांनी जुना कोड टाकून बघितला. चूक. मग जुन्याचा शेवटचा आकडा एकाने वाढवला. चूक. मग शाळेतला हजेरी क्रमांक तीनदा. चूक. चौथ्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि बोटांना जे वाटेल ते करू दिलं. बोटांनी मोठ्या आत्मविश्वासाने सहा आकडे दाबले. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर एक सूचना होती. आणखी एक प्रयत्न चुकल्यास फोनमधील सर्व माहिती कायमची पुसली जाईल. हे वाक्य कुलूपरावांनीच लिहिलं होतं. पूर्वी दहा प्रयत्न मिळत. चोराला एवढी चैन कशाला, म्हणून त्यांनी ते पाचावर आणले होते.

आता फोन पुसला गेला तर सुरक्षेचा मुख्य माणूस तपासणीला कोरा फोन घेऊन बसणार होता, आणि नाही पुसला तर बंद फोन घेऊन. आपल्या संगणकावरून ते कंपनीतला कुठलाही फोन उघडू शकत होते, पण त्यासाठी आधी त्यांच्या स्वतःच्या फोनवर 'हो' दाबावं लागे. ही दुहेरी खबरदारी कोणाची सूचना होती, हे सांगायला नकोच.

मग त्यांना बायको आठवली. कोड बदलला तेव्हा ती समोर होती, कदाचित तिला काही आठवेल. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि बोट तसंच हवेत राहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि तिचा नंबर त्यांना येत नव्हता. तो फोनमध्ये होता. ते पळत आस्थापना विभागात गेले. तिथल्या कारकुनाजवळ प्रत्येकाच्या घरचे नंबर होते.

"देतो, साहेब," कारकून म्हणाला. "ओळख पटवायला तुमच्या फोनवर एक आकडा पाठवलाय. तेवढा सांगा."

"अहो, मी समोर उभा आहे. ओळखत नाही का तुम्ही मला?"

"ओळखतो हो. पण समोर उभा असलेला माणूस खरा असेलच असं नाही, असं तुम्हीच प्रशिक्षणात सांगितलं होतं."

गेल्या तीन वर्षांत आपल्या प्रशिक्षणाचा एवढा प्रभाव पडला असेल असं कुलूपरावांना कधी वाटलं नव्हतं, आणि आज वाटलं तर अभिमान वाटण्याऐवजी रडू येत होतं. ते खुर्चीवर येऊन बसले. साडेतीन झाले. पावणेचार झाले. पाचवा प्रयत्न करावा म्हणून त्यांनी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. तळघरातल्या तेलाचा वास आत्ताच नाकात शिरतोय असं त्यांना वाटू लागलं.

तपासणीच्या बाई बरोबर चारला आल्या आणि छोट्या बैठकीच्या खोलीत बसल्या. एकेकाला आत बोलावलं जात होतं. प्रत्येक जण दोन मिनिटांत हसतमुखाने बाहेर येत होता. बाई फारच गोड स्वभावाच्या आहेत, असं जो तो सांगत होता. कुलूपरावांचा नंबर शेवटचा होता. आत जाताना त्यांनी ठरवलं की आता खोटं बोलायचं नाही. तेवढी तरी अब्रू शिल्लक राहील.

बाईंनी हसून त्यांना बसायला सांगितलं. "तुमचा फोन मला जरा बघायचाय. कोड सांगता का?"

"नाही सांगू शकत, मॅडम."

बाईंनी मान वर केली. "मी मुख्यालयातून आलेय. हे माझं ओळखपत्र."

कुलूपरावांनी ओळखपत्र नीट बघितलं. त्याने काहीच फरक पडणार नव्हता. "तरी नाही सांगू शकत."

"तुमच्या वरिष्ठांना बोलावलं तर?"

"त्यांनी सांगितलं तरी माझ्याच्याने व्हायचं नाही."

"यावर तुमची जागा अवलंबून आहे, कल्पना आहे ना तुम्हाला?"

"सकाळपासून दुसरं काही डोक्यात नाही, मॅडम," ते म्हणाले. "पण इलाज नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समोरचा कागद फिरवून कुलूपरावांपुढे केला. त्यावर चाळीस नावं होती आणि प्रत्येकापुढे सहा आकडे. बाईंनी गोड शब्दांत विचारलं होतं आणि चाळीस जणांनी चाळीस कोड दिले होते. स्वागतकक्षातल्या बाईंनी तर स्पष्ट अक्षरात लिहून दिला होता. एकाने बँकेचाही हवा का असं विचारलं होतं. आजची तपासणी एवढीच होती.

"एकेचाळिसात एक माणूस निघाला," बाई म्हणाल्या. "शेवटचं विचारते. हा कोड तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

"खरं सांगू का, मॅडम? मलासुद्धा माहीत नाही."

बाई खळखळून हसल्या. इतकी वर्षं तपासण्या करतेय, पण असं उत्तर ऐकलं नव्हतं, असं म्हणत त्यांनी ते अहवालात शब्दशः उतरवून घेतलं. त्याखाली लिहिलं की या माणसाला आजपासून कायम करावं. कुलूपरावांनी दोनदा तोंड उघडून खुलासा करायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बाईंनी त्यांना नम्रपणा पुरे म्हणून थांबवलं.

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्यांनी बूटसुद्धा न काढता बायकोला सगळी हकीकत सांगितली. ती शिलाई मशीनवर बसली होती. तिने पाय न थांबवता ऐकून घेतलं, हात पुढे करून फोन घेतला आणि ते ओरडायच्या आत टकटक सहा आकडे दाबले. फोन उघडला. कुलूपराव धाडकन पलंगावर बसले. ते हसताहेत की रडताहेत हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"अगं, तुला कसा माहीत?"

"मला नाही तर कोणाला? त्या दिवशी तुम्हीच नव्हता का म्हणालात, कोणाच्याही डोक्यात येणार नाही असा एखादा आकडा सांग? मी या मशीनवरचा नंबर वाचून दाखवला." तिने मशीनवरच्या पत्र्याकडे बोट केलं. "अगदी सोपा आहे हो. बघा, आधी दोनदा..."

कुलूपरावांनी झटकन डोळे मिटले आणि हात वर केला.

"थांब. मला सांगू नकोस," ते म्हणाले. "फोन बंद पडला की तूच उघडून देत जा. अहवालातलं निदान अर्धं तरी खरं राहू दे."