घोरण्यात अडकलेली अंगाई

आजींनी मांडी घातली, पदर सारखा केला, घसा खाकरला आणि संशोधिकेने रेकॉर्डरचं बटण दाबताच तोंड घट्ट मिटून घेतलं.

"काय झालं, आजी?"

"मांडीवर कुणी नाही. अंगाई अशी हवेत म्हणायची का गं?"

संशोधिका ध्वनिसंग्रहालयात नोकरीला होती. त्या भागातली जुनी गाणी गोळा करणं हे तिचं काम, आणि या अंगाईने तर तिला झपाटलंच होतं. आजींच्या मूळ गावाला पडलेल्या जुन्या वेढ्याची सगळी हकिकत तिच्यात होती. परकी फौज नदीपल्याड येऊन बसली, गावातलं धान्य संपत आलं, एवढं इतिहासाच्या पुस्तकांतही होतं. पण पुढे काय झालं, ते पुस्तकांत नव्हतं, अंगाईत होतं. आणि ती शेवटपर्यंत पाठ असणाऱ्या आता एकट्या या आजीच उरल्या होत्या.

संशोधिकेने उशी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. आजींनी तिला दोनदा थोपटलं आणि बाजूला सारलं.

"ही झोपलेलीच आहे. हिला काय झोपवू?"

मग शेजारणीचं तान्हं मागून आणलं. ते भोकाड पसरूनच आलं, त्यामुळे संशोधिकेला हायसं वाटलं. आजींनी सूर लावला.

"नीज रे राजा, वेशीची दारं लागली,
फौज परकी नदीपल्याड थांबली..."

दुसऱ्या ओळीला बाळ गाढ झोपलं. आजी थांबल्या.

"पुढे म्हणा ना!"

"कशाला? झोपलं की ते. पुढची कडवी हट्टी पोरांसाठी असतात."

"मग हट्टी पोर आणू कुठून?"

आजींचा चेहरा उजळला. "आमचा आहे ना! शेवटच्या कडव्यापर्यंत टक्क जागा असायचा मेला."

'आमचा' म्हणजे आजींचा मुलगा. वय पंचावन्नच्या घरात, डोक्याला चकचकीत टक्कल, मोठ्या कारखान्यात साहेब. राहायला आजींच्याच शहरात, पण आईकडे यायचा तो औषधं पोचवायला, तेही दारातूनच. संशोधिकेने फोनवर नाकदुऱ्या काढल्या, तेव्हा कुठे स्वारी एका रविवारी उगवली.

"दहा मिनिटांत उरका," साहेब फोनमधून डोकं न काढता म्हणाले. "आणि या वयात मी मांडीवर निजायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना बोलावलंय कुणी? टेक डोकं."

साहेबांनी डोकं टेकलं. आजींचा हात त्यावरून फिरू लागला. पूर्वी केसांत अडकायचा, आता बिनअडथळा घसरत होता. तिसऱ्या कडव्यात, ऐन धान्य संपताना, साहेब घोरायला लागले आणि आजी गप्प झाल्या.

"आजी, प्लीज!"

"हळू बोल. किती दमलाय बघ माझा." आजींचे डोळे भरून आले. पायाला मुंग्या आल्या, तरी त्यांनी मांडी हलवली नाही.

जाग आल्यावर साहेब ओशाळले. "पुन्हा यावं लागेल? मला वेळ कुठे आहे?" असं कुरकुरत गेले. पुढच्या रविवारी आले ते आईच्या हातचं जेवून मग आडवे झाले. साहजिकच पाचव्या कडव्याला घोरू लागले.

इकडे संशोधिकेचे वरिष्ठ तगादा लावत होते आणि फौज काही नदी ओलांडायला तयार नव्हती. त्यात आजी एखाददुसरी ओळ चाचपडू लागल्या होत्या. हे गाणं आपल्या डोळ्यांदेखत हरवणार, अशी भीती संशोधिकेला वाटू लागली.

त्याच्या पुढच्या रविवारी साहेब कुणी न बोलावता, वेळेआधी हजर. फोन बंद करून त्यांनी डोकं टेकलं, आणि आजींनी तोंड उघडायच्या आतच घोरायला सुरुवात केली. तेही असं, की खिडकीची तावदानं थरथरावीत.

संशोधिकेने कपाळावर हात मारला. आजींनी मात्र लेकाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, गालातल्या गालात हसल्या आणि नुसते ओठ हलवून तिला म्हणाल्या, "जागा आहे."

पोर जागं आहे तोवर अंगाई थांबत नाही. आजींनी सूर लावला. दारं लागली, धान्य संपलं, विहिरी आटल्या. घोरणं हळूहळू बारीक झालं, पण ते नेटाने चालूच होतं. आणि शेवटच्या कडव्यात, भल्या पहाटे, फौज उठली. नदी ओलांडून आली नाही. माघारी फिरली, आणि एकेक शिपाई आपल्या आईच्या घरी गेला.

संशोधिकेने बटण बंद केलं आणि ओढणीने डोळे पुसले. इतक्या दिवसांची धडपड एकदाची तडीस गेली होती.

साहेबांनी एक डोळा किलकिला केला. "आलं का नीट?" त्यांच्या आवाजात धास्ती होती.

संशोधिकेने एकदा आजींकडे पाहिलं.

"कसलं नीट? तुमचंच घोरणं आलंय सगळीकडे. पुढच्या रविवारी पुन्हा यावं लागेल."

"छे! काय वैताग आहे," साहेब म्हणाले आणि आईच्या मांडीवर नीट कुशीला वळले.