मणी निवेपर्यंत

भिवंडीत भर मे महिन्यात, वीज असताना, घरातला पंखा बंद ठेवणारा माणूस मी एकच पाहिला: आमचे शेजारी साळवे. पाहुणा उंबऱ्यात दिसला की ते म्हणत, "दार लावा. मग या." कोणत्या बाजूनं लावायचं, हे पाहुण्यानं ठरवायचं.

साळवे राहनाळच्या गोदामात स्टोअरकीपर होते. संध्याकाळी मात्र ते शास्त्रज्ञ होत. फुटक्या बांगड्या गॅसच्या बत्तीवर वितळवायच्या, सायकलच्या तारेवर गुंडाळायच्या आणि मणी करायचा, एवढाच तो उद्योग. पण साळव्यांच्या तोंडून ऐकला की उपग्रह सोडण्याची तयारी वाटे. तारेला आधी चिकणमातीचा पातळ लेप द्यायचा, नाहीतर काच तिला चिकटते. "धातू वेगळा आकसतो, काच वेगळी आकसते. मधे माती पाहिजे, मास्तर." मग मणी ज्योतीच्या कडेला फिरवत राहायचा आणि शेवटी गरम राखेच्या डब्यात पुरून सकाळपर्यंत विसरायचा. "काचेला घाई सोसत नाही," हे ते अशा आवाजात सांगत, की काचेनं त्यांना वकीलपत्र दिलंय असं वाटावं.

एवढं करून मणी तडकायचेच. दोष मातीचा कधी नसे, साळव्यांचा तर नसेच. एकदा तो माझा होता. मी म्हणे अंगाबरोबर वारा घेऊन आत आलो. त्यांच्याकडे चहासुद्धा फुंकून प्यायला बंदी होती.

"परवा मी शिंकले तर दोन मणी गेले म्हणे," सुमनवहिनी मला म्हणाल्या. "आता शिंकायला तुमच्याकडे येत जाईन, भाऊजी."

त्या उन्हाळ्यात वहिनींना चक्कर यायला लागली. त्यांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला की साळवे म्हणत, "थांब जरा. मणी निवू दे." एका दुपारी वहिनींनी पिशवी भरली.

"मी अंबाडीला भावाकडे चालले. तुमचे मणी निवले की कळवा."

साळव्यांनी हे शास्त्राच्या हिताचं मानलं. "आता मधेच दार उघडणारं कोणी नाय. बघा कसे निघतात ते."

आणि खरंच, आठवडाभर एकही मणी तडकला नाही. हिरवे, लाल, पिवळे मणी त्यांनी बशीत मांडून दाखवले. मी तोंडभर कौतुक केलं आणि व्याख्यान ऐकायच्या तयारीनं बसलो. व्याख्यान आलंच नाही.

"चहा पाजला असता," ते म्हणाले, "पण माझा बरा होत नाय."

पुढच्या रविवारी गेलो तर दार सताड उघडं. पंखा पाचावर. बत्तीची ज्योत आडवी पडतेय, साळवे घामाघूम होऊन तरीही मणी वळतायत, आणि ज्योतीतून बाहेर काढलेला प्रत्येक मणी तारेवरच टक् करून तडकतोय.

"साळवे, पंखा बंद करू?"

"नको."

"अहो, सगळे तडकतायत."

"तडकू देत. मणी करतानाही पंखा चालू असतो, हे दिसायला पाहिजे तिला. दार लावलेलं बघितलं तर रस्त्यावरूनच मागं फिरेल."

"आज येतायत का वहिनी?"

त्यांनी लेप दिलेली दुसरी तार उचलली.

"तसं काय कळवलं नाय तिनं. पण अंबाडीकडून दिवसभर गाड्या येत असतात, मास्तर."