पेटीतलं पीं

"ज्या यंत्राला आवाज नाही, त्याला आत्मा नाही!" काकांनी मूठ आपटून जाहीर केलं.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी पोटात जो भाग असतो, जो थेट यंत्राशी बोलतो, त्याला कर्नल म्हणतात. त्या कर्नलमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसालाच शोभावं असं ते वाक्य होतं. मीटिंग ऑनलाइन होती. म्हणजे सगळे एकाच मजल्यावर, कानांवर हेडफोन चढवून, आपापल्या टेबलाशी बसून एकमेकांना पडद्यावर बघत होते. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"काका, तुमचा माइक बंद आहे," चिमणी म्हणाली.

काकांनी माइक चालू केला आणि वाक्य पुन्हा म्हटलं. पण अशी वाक्यं दुसऱ्यांदा तापवली की त्यांना चव राहत नाही.

प्रसंग तसा गंभीर होता. विभागप्रमुख मॅडमनी फर्मान काढलं होतं की कर्नलमधल्या ज्या ज्या गोष्टीची टेस्ट, म्हणजे ती नीट चालते का हे आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम नसेल, ती गोष्ट शुक्रवारी काढून टाकायची. त्या यादीत काकांनी ऐन तारुण्यात लिहिलेलं एक फीचरही होतं. जुन्या कॉम्प्युटरच्या पेटीत एक टीचभर स्पीकर असे. कर्नलने सांगितलं की तो 'पीं' करायचा. बस्स, एवढंच. काकांनी नंतर पुष्कळ मोठमोठं लिहिलं, पण पहिलं लेकरू ते पहिलं लेकरू.

चिमणी ही विभागातली सर्वांत नवी मुलगी. अंगाने बारीक आणि बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून चिमणी. ती आपणहून म्हणाली, "काका, मी लिहिते टेस्ट. तुम्ही फक्त तपासा आणि मंजूर करा."

यातलं 'फक्त' तिला भोवलं. कारण आख्ख्या कंपनीत काकांइतका खवट तपासनीस नव्हता. त्यांच्या हातून पहिल्या फेरीत सुटलेली टेस्ट कुणी पाहिली नव्हती.

चिमणीची टेस्ट साधी होती. तिने कर्नलला सांगायचं, 'वाजव.' कर्नलने सांगायचं, 'वाजवलं.' टेस्ट पास, पडद्यावर हिरवा दिवा.

"आणि तू विश्वास ठेवलास?" काका म्हणाले. "मी रोज घरी सांगतो, डबा संपवला म्हणून. तुझी काकू डबा उघडून बघते. त्याला म्हणतात टेस्ट."

"अहो काका, सगळ्यांच्या टेस्ट अशाच असतात."

"म्हणून तर सगळ्यांचं हे असं चाललंय."

चिमणीने मुकाट्याने माइक जोडला. आता टेस्ट कान देऊन ऐकू लागली. पहिल्याच दिवशी पलीकडच्या टेबलावरच्या हिशेबनिसाचा फोन वाजला आणि दिवा हिरवा झाला. दुसऱ्यांदा लिफ्टच्या घंटीने पास केलं. तिसऱ्यांदा हिशेबनिसाच्या शिंकेने.

"सूर तपास," काकांनी शेरा मारला. "आपलं पीं म्हणजे शुद्ध सूर. घरघर, खरखर आली की नापास. अजिबात दयामाया नको."

चिमणीने तेही केलं. आणि मग एक साधी गोष्ट दोघांच्या एकदमच लक्षात आली. ऑफिसातल्या एकाही कॉम्प्युटरमध्ये तो स्पीकर नव्हता! नव्या यंत्रांत तो केव्हाच येईनासा झाला होता. इतके दिवस ती दोघं मुक्याला गाऊन दाखव म्हणत होती.

"काका, शुक्रवार उद्यावर आलाय," चिमणी रडवेली होऊन म्हणाली. "तुमचंच फीचर वाचवतेय ना मी? तुम्हीच का आडवे येताय?"

"माझं आहे म्हणून सोडू? मग इतकी वर्षं लोकांची अडवली ती काय हौस म्हणून?"

घरी मात्र काकांचा आवाज उतरला होता. त्यांचा जुना कॉम्प्युटर गॅलरीत होता आणि त्याच्यावर काकूंनी मनीप्लँटची कुंडी ठेवली होती.

"अगं, ही कुंडी हलवतेस का? ऑफिसला न्यायचाय."

"म्हणजे पीं वाजणार?" काकूंनी हातातली झारी खाली ठेवली. "तुमचं काम संपलं की आतून पीं वाजायचं बघा. ते ऐकलं की मी पानं घ्यायला उठायची. हाक म्हणून कधी मारावी लागली नाही. आता हेडफोन घालून बसता, दहा हाका मारल्या तरी ढिम्म."

"काय शुद्ध सूर होता!"

"शुद्ध कसला, घोगरा होता मेला. घशात काहीतरी अडकल्यासारखा."

"तुला सुरातलं काय कळतं," म्हणत काकांनी फडक्याने पेटी पुसली. पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर सगळे ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीत जमले. काका पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने आले होते आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याशी भांडले होते. मॅडम घड्याळ बघत होत्या. चिमणीने टेस्ट सुरू केली. हिशेबनिसाने नाक दाबून धरलं.

पीं!

दिवा हिरवा झाला. टाळ्या पडल्या. चिमणीने उडीच मारली. "काका, दाबा! मंजूर दाबा!"

काकांचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. पट्टी तीच होती. पण आवाज फार स्वच्छ होता, नव्या भांड्यासारखा. काकू म्हणाली ती घरघर कुठे होती? इतकी वर्षं ते मनातल्या मनात पीं घासूनपुसून लख्ख करत आले होते, पण कानाने मूळचं तस्संच जपून ठेवलं होतं. बटण दाबलं तर लेकरू वाचत होतं. खोलीतल्या कुणाला काही कळलं नसतं.

"हे आपलं नाही," काका म्हणाले.

"काय?"

"वाजलं. पण आपलं नाही वाजलं. परत चालव."

परत चालवल्यावर खोलीत चिडीचूप. दिवा लाल. चिमणीने कपाळाला हात लावला. काकांनी पेटी उघडली. रस्त्यातल्या कुठल्याशा खड्ड्याने स्पीकरची वायर निखळली होती. त्यांनी ती परत बसवली.

"आता."

प्घीं!

घोगरं, घशात काहीतरी अडकलेलं. पण अगदी ओळखीचं. हिशेबनिसाच्या नाकावरचा हात गळून पडला. "आमच्याकडे होता की हा! बाबांच्या कॉम्प्युटरला!"

पडद्यावरचा दिवा लालभडक. घरघर आली, नापास. काकांच्याच अटीप्रमाणे, दयामाया न दाखवता.

"म्हणजे खोटं आलं तेव्हा पास," चिमणी हताशपणे म्हणाली, "आणि खरं आलं तेव्हा नापास."

काका मान खाली घालून उभे होते. मॅडम खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या, "परत एकदा वाजवा."

प्घीं!

"आई ओरडायची, ते पीं बंद कर म्हणून," मॅडम स्वतःशीच हसल्या. "मी मुद्दाम वाजवायचे. चिमणी, फीचर राहू दे. ही घरघर धरून टेस्ट नीट कर. आणि मंजुरी माझ्याकडून घे, काकांकडे पाठवायची नाही."

चिमणीने काकांचा हात घट्ट धरला. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी घसा साफ केला. आता खोलीत सगळे समोरासमोर होते, माइकची भानगड नव्हती. "मॅडम, आज मला यंत्रांविषयी, माणसांविषयी दोन शब्द—"

"बोला ना काका, पण जेवून," मॅडम उठत म्हणाल्या. "तुम्ही दाराशीच आहात, तेवढा शेजारच्या मायक्रोवेव्हमधून माझा डबा काढून द्याल का? तो मघाशीच वाजलाय."