पिवळ्या टपाची आमची गाडी

मी नियोजनाचा पक्का माणूस आहे. बँकेत माझं काम म्हणजे कशात काय काय बिघडू शकतं याच्या याद्या करणं, आणि त्याचाच मला पगार मिळतो. माझी बायको साधना म्हणते की साधं समुद्रावर फिरायला निघालो तरी माझ्याकडे उन्हाचा एक आणि पावसाचा एक असे दोन बेत तयार असतात. त्यामुळे मी गाड्यांच्या शर्यतीत नाव दिलं तेव्हा त्यात काही बिघडेल असं माझ्या मनातही आलं नाही.

साल दोन हजार आठ. त्या सप्टेंबरात सिंगापुरात पहिल्यांदाच रात्रीची मोठी मोटार शर्यत होणार होती आणि सगळ्या शहराला शर्यतीचा ताप चढला होता. तो आमच्या बँकेच्या स्पोर्ट्स क्लबालाही चढला. इथे गाडी बाळगायचा सरकारी परवाना दहा वर्षांचा. दहा वर्षं भरली की धडधाकट गाडीसुद्धा बहुतेक जण मोडीत घालतात. क्लबाने ठरवलं की ज्यांच्या गाड्यांची दहा वर्षं भरत आली आहेत, त्यांनी मोडीत घालण्याआधी एकदा त्या मनसोक्त पळवाव्यात. जुरोंगच्या पलीकडचं एक मैदान ठरलं, टायर रचून वळणं आखली गेली. प्रत्येक शर्यत आठ फेऱ्यांची. गाड्या आपल्या रोजच्या घरगुती. फक्त एक अट होती. प्रत्येकाने गाडी रेट्रो रंगात रंगवायची, म्हणजे आपल्या लहानपणी रस्त्यावर दिसणाऱ्या एखाद्या वाहनासारखी. सर्वांत चांगल्या रेट्रो रंगाला वेगळा चषक.

आमच्या गाडीचे दोन महिने उरले होते. रंग ठरवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. खाली काळा, वर पिवळा टप. मुंबईची टॅक्सी.

त्याचं कारण आमचे अण्णा. माझ्या वडिलांनी मुंबईत एकतीस वर्षं टॅक्सी चालवली. स्वतःची नाही, शेठची. रोज रात्री गाडी शेठच्या दारात उभी करून ते करी रोडपर्यंत चालत यायचे. त्या गाडीवर माझं सीए झालं. आदल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून अण्णांचं बोलणं आटलं होतं. आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी बुओना व्हिस्टाच्या आमच्या घरी आणलं होतं. ते दिवसभर अकराव्या मजल्याच्या गॅलरीत बसून खालचा रस्ता बघायचे. काय बघता विचारलं तर म्हणायचे, "गाड्या." एवढंच.

म्हटलं, आता त्यांना त्यांचीच गाडी दाखवू.

एक गोष्ट मात्र मी यादीत धरली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मी बँकेत नवा असताना आमच्या साहेबांनी, मिस्टर टेओंनी, जेवता जेवता विचारलं होतं की तुझे वडील काय करतात. माझ्या तोंडून निघालं, "ट्रान्सपोर्ट." ते म्हणाले, "अच्छा, ट्रान्सपोर्टचा बिझनेस." मी तोंडातला घास गिळला आणि गप्प बसलो. पुढे त्या धंद्याची वाढ व्हायला मला काहीच करावं लागलं नाही. साहेबांच्या तोंडी तो दरवर्षी आपोआप मोठा होत गेला. एका पार्टीत तर त्यांनी माझी ओळख करून देताना सांगितलं की याच्या घरच्या गाड्या अर्ध्या इंडियात फिरतात. आता साहेबांनी रंगाचं कारण विचारलं तेव्हाही मी एवढंच म्हणालो की ही माझ्या लहानपणीची मुंबई आहे.

साधनाने मला सांगितलं होतं, की आधी अण्णांना विचार आणि टेओंना खरं काय ते सांग. मी म्हटलं, सगळं नीट होईल.

शर्यतीच्या रविवारी सकाळी मी अण्णांना खाली नेलं. गाडी आदल्या दिवशीच रंगून आली होती. अण्णा तिच्यासमोर थांबले. मग एक फेरी मारली, पुन्हा एक मारली. आता ते डोळे पुसतील, माझ्या खांद्यावर हात ठेवतील, असं मला वाटत होतं. त्यांनी टपाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पिवळा दोन बोटं खाली आलाय."

आईच्या दिवसकार्यानंतर एवढं मोठं वाक्य ते पहिल्यांदाच बोलले होते.

साधना डबे घेऊन दुसऱ्या कुटुंबाबरोबर पुढे गेली होती. आमची बारा वर्षांची ऋता माझ्या शेजारी बसली. अण्णांना मी पुढे बसायचा आग्रह केला, तर ते म्हणाले, "एकतीस वर्षं पुढेच बसलो. आज मागे बसून बघतो." आणि खरोखरच ऐसपैस मागे बसले.

क्लेमेंटीपर्यंत सगळं माझ्या वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. तिथे बस स्टॉपजवळ सिग्नल लाल झाला. मी थांबलो, तोच मागचं दार उघडलं. फुलाफुलांचा ब्लाउज घातलेली सत्तरीतली एक चिनी बाई भाजीच्या दोन पिशव्यांसकट आत आली, अण्णांच्या शेजारी बसली, दार लावलं आणि मला आपल्या इमारतीचा, म्हणजे इथल्या भाषेत ब्लॉकचा, नंबर सांगितला.

झालं असं होतं की सिंगापुरातही एके काळी टॅक्स्या अशाच असायच्या, काळ्या अंगाच्या आणि पिवळ्या टपाच्या. आता निळ्या, चंदेरी झाल्या असल्या तरी काही म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर होत्या. मी त्या दोनतीनदा बघितल्याही होत्या. पण यादीत घेतल्या नव्हत्या.

मी आंटींना इंग्रजीत समजावलं की ही टॅक्सी नाही. त्यांना कमी ऐकू येत असावं. त्या म्हणाल्या, "कॅन, कॅन," म्हणजे चालेल, चालेल, आणि पिशव्या पायाशी नीट लावल्या. अण्णा सीटवर आधीपासून बसलेले होते त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. उलट त्यांनी अण्णांना एक संत्रं दिलं. सिग्नल हिरवा झाला. मी अण्णांना सांगितलं की बाईंची गैरसमजूत झालीय, पुढच्या स्टॉपला त्यांना उतरवतो.

"बसलेलं भाडं उतरवायचं नाही," अण्णा म्हणाले. असा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. शाळेत असताना माझं प्रगतिपुस्तक बघून ते याच आवाजात बोलायचे.

"अण्णा, दहाला गाडीची तपासणी आहे."

"मग लवकर चल."

मी मुकाट्याने वळलो. आंटींचा ब्लॉक थोडा आडबाजूला होता. संपूर्ण वाटभर त्या आपल्या इंग्रजी-चिनीत आणि अण्णा आपल्या मराठीत काहीतरी बोलत होते. शाळेत चिनी शिकणारी ऋता मध्येच मला सांगायची की आंटी गुडघ्यांबद्दल बोलतायत आणि अण्णाही गुडघ्यांबद्दलच बोलतायत.

ब्लॉकखाली पोहोचलो. मी उतरून पिशव्या काढून दिल्या. आंटींनी पर्समधून पाच डॉलरची नोट काढली. मी नको म्हटलं. त्यांनी ती माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली. मी काढून परत दिली, त्यांनी पुन्हा कोंबली. हे तिसऱ्यांदा चाललं असताना आमच्या मागे वाहतूक खात्याची एक मोटरसायकल येऊन थांबली.

वर्दीतला तो माणूस अगदी शांतपणे बोलला, त्यामुळेच मला जास्त घाम फुटला. टॅक्सीचा रंग आहे, मागे प्रवासी आहे, प्रवासी पैसे देतोय, पण मीटर नाही आणि परवानाही नाही. हे काय आहे, असं त्याने विचारलं. मी त्याला शर्यतीचं पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. खाली क्लबाचे अध्यक्ष म्हणून मिस्टर टेओंचा नंबर होता. त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

टेओंनी मला वाचवायचा मनापासून प्रयत्न केला. ते म्हणाले की हा अत्यंत सज्जन माणूस आहे, आमच्या बँकेत अकरा वर्षं आहे, पाच-पाच डॉलरसाठी टॅक्सी चालवायची याला काय गरज, याच्या वडिलांचा इंडियात ट्रान्सपोर्टचा केवढा तरी मोठा बिझनेस आहे.

वर्दीवाल्याने फोन तसाच हातात ठेवून माझ्याकडे बघितलं. "सर, तुमच्या घरचा गाड्यांचा धंदा आहे?"

मी मागे वळून बघितलं. अण्णा गाडीतून उतरून उभे होते. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण 'ट्रान्सपोर्ट' कळतं आणि 'बिझनेस'ही कळतो. ते माझ्याकडे बघत नव्हते. हातातल्या संत्र्याकडे बघत होते.

खरं सांगतो, त्या वेळी मला दंडाची भीती राहिली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "माझे वडील टॅक्सी ड्रायव्हर होते. एकच गाडी, तीसुद्धा दुसऱ्याची. एकतीस वर्षं. ती अशीच होती, म्हणून ही अशी रंगवली."

ऋता माझ्याकडे टकमक बघत राहिली. शाळेत फॅमिली ट्री काढला तेव्हा आजोबांपुढे 'ट्रान्सपोर्ट बिझनेस' तिने माझ्याच सांगण्यावरून लिहिलं होतं.

मग त्या आंटीच पुढे झाल्या. इतका वेळ त्यांना काही ऐकू येत नव्हतं, पण 'टॅक्सी ड्रायव्हर' मात्र बरोबर ऐकू आलं. त्यांनी वर्दीवाल्याला फैलावर घेतलं. त्यांचं बोलणं ऋताने मला नंतर समजावलं. त्यांचे यजमानही पिवळ्या टपाची टॅक्सी चालवायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली. अशी गाडी दिसेपर्यंत त्या दुसऱ्या टॅक्सीत बसत नाहीत, दोनदोन सिग्नल वाट बघतात. आज त्या स्वतःहून चढल्या, यात या माणसाचा काही दोष नाही, आणि त्याने पैसे घेतले नाहीत हे तुला दिसत नव्हतं का?

वर्दीवाला 'येस, आंटी' म्हणाला. त्याने मला फक्त ताकीद दिली, पण एक अट घातली. मैदानापर्यंत जाताना टप झाकायचा, म्हणजे आणखी कुणी चढणार नाही. माझ्याकडे झाकायला काही नव्हतं. आंटी वर गेल्या आणि गुलाबी कमळांची एक डबल बेडशीट घेऊन आल्या. ती आम्ही चारही दारांच्या वरून नाडीने बांधली. निघताना अण्णांनी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही वाकून केला.

आम्ही मैदानाच्या वाटेला लागलो. मी आरशातून अण्णांकडे बघायचं टाळत होतो. शेवटी तेच म्हणाले, "मोठा धंदा म्हणून सांगितलंस?"

"हो, अण्णा."

"किती गाड्या सांगितल्यास?"

"आकडा नाही सांगितला."

"सांगायचास. दहा-बारा तरी." त्यांनी संत्रं सोललं, अर्धं ऋताला दिलं, अर्ध्यातलं अर्धं मला पुढे केलं. "गाडी शेठची होती, हे खरं. पण चालवत मी होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी चालवत असल्यामुळे ते पुसता आलं नाही आणि मैदानाचं वळण चुकलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा दोन शर्यती होऊन गेल्या होत्या. मैदानावर जुन्या सिंगापूरचं संमेलनच भरलं होतं. एक गाडी आइस्क्रीमच्या गाडीसारखी रंगलेली, दुसरी जुन्या टपालगाडीसारखी लाल. मिस्टर टेओंची पांढरी-निळी होती, त्यांच्या शाळेच्या बससारखी. त्या सगळ्यांत गुलाबी कमळं घेऊन आम्ही शिरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं तोच आमचा रेट्रो.

टेओ समोर आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते मला ओलांडून सरळ अण्णांकडे गेले, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना तसंच धरून आपल्या गाडीकडे घेऊन गेले. टेओंचे वडील शाळेची बस चालवायचे, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनीही अकरा वर्षांत ते कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटच्या शर्यतीत आम्हाला जागा मिळाली. सोबत एकच जण चालणार होता, म्हणून ऋता तिच्या आईकडे गेली आणि अण्णा हेल्मेट घालून माझ्या शेजारी बसले. मी सुरुवात झकास केली. तिसऱ्या फेरीत चौथा होतो, सहाव्या फेरीत दुसरा. टेओंची बस अगदी नाकासमोर होती. अण्णा वळणावळणाला "आता, आता घे" सांगत होते आणि त्यांचं प्रत्येक 'आता' अचूक होतं. मुंबईच्या रस्त्यांवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसापुढे टायरांची वळणं ती काय!

सातव्या फेरीत, कडेच्या गर्दीत एका माणसाने हात वर केला.

"थांब," अण्णा म्हणाले.

मी थांबलो. का थांबलो ते आजही सांगता येत नाही. त्या आवाजात थांब म्हटल्यावर पुढे जायची सवय मला कधीच लागली नव्हती. तो माणूस पलीकडे बसलेल्या आपल्या बायकोला पाण्याची बाटली मागत होता. एकामागून एक पाच गाड्या आमच्या बाजूने निघून गेल्या. अण्णा ओशाळून म्हणाले की चूक झाली, हात दिसला. आम्ही दोघंही इतके हसलो की आठवी फेरी कशीबशी पुरी केली. शेवटून पहिले आलो.

आता सगळी भिस्त रंगाच्या चषकावर होती. परीक्षक क्लबाचे एक निवृत्त सभासद होते. त्यांनी वही घेऊन आमच्या गाडीभोवती फेरी मारली. बेडशीट काढल्यावर टपाकडे फार प्रेमाने बघितलं. रंग उत्तम आहे म्हणाले, आणि आम्हाला स्पर्धेतून बाद केलं.

मी कारण विचारलं. ते म्हणाले, रेट्रो म्हणजे जे आता रस्त्यावर दिसत नाही ते. अशा टॅक्स्या अजून चालू आहेत, मीच इथे एका टॅक्सीतून आलो.

वाद घालायला माझ्याकडे तीन मुद्दे तयार होते. त्याआधी अण्णांनी ऋताला विचारलं की काय म्हणतायत ते. ऋताने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "आजोबा, ते म्हणतात, तुमची गाडी जुनी नाही झाली. अजून चालते."

अण्णांनी परीक्षकांकडे बघितलं, मग गाडीकडे. हळूहळू त्यांचा चेहरा असा उजळला की मी तिन्ही मुद्दे गिळून टाकले.

"बघ," ते मला म्हणाले, "या माणसाला गाड्यांतलं कळतं."