दामूअण्णांचा निकाल

आमच्या शेजारच्या दामूअण्णांपुढे नवं काही घेऊन जायची सोय नाही. मी एकदा बाहीवर खिसा असलेला सदरा शिवून घेतला. म्हटलं, गल्लीत पहिलाच! अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाही जुनी. खिसा जुना. शिंप्यानं जोडला. यात शोध तो काय? उघड आहे!"

बिचाऱ्यांचा जन्म पेटंट कचेरीत गेला. लोकांचे शोध तपासायचे आणि जाणत्या माणसाला जे सहज सुचलं असतं, ते नाकारायचं. पेन्शन घेऊन सोलापुरात आले, पण नाकारायची खोड काही सुटेना. माझ्या बायकोनं शेंगाचटणीत कारळं घालून पाठवली, तर वाटी चाटूनपुसून निरोप धाडला, "उघड आहे!" ती म्हणाली, "ह्यांना उद्या अमृत दिलं तरी म्हणतील, जुनंच हाय की!"

अण्णांची एकुलती एक मालू पुण्याला प्रयोगशाळेत नोकरीला. काकू, म्हणजे तिची आई, वारल्यापासून दिवाळीलाच काय ती यायची. यंदा मे महिन्यात आठवडाभराची रजा काढून आली आणि आल्या आल्या अण्णांच्या हातात एक पांढरी वडी ठेवली. प्लास्टिकची राळ, तिच्यात दगडाची पूड. यंत्राभोवती नुसतं प्लास्टिक ओतलं, तर ते उष्णता कोंडून धरतं आणि आतलं यंत्र जळतं. ही वडी उष्णता बाहेर सोडते. मालूनं ती गरम किटलीवर ठेवली. अण्णांनी वरून हात लावला आणि बोट चांगलं पोळलं.

"पेटंटचा अर्ज करू का, अण्णा?" पोरीचा चेहरा नुसता फुलला होता.

अण्णा बोटावर फुंकर मारत म्हणाले, "राळ जुनी. पूड जुनी. कालवणं तर भज्यांच्या पिठाइतकं जुनं. उघड आहे!"

"अहो, पण पूड इतकी ठासून भरायची म्हणजे..."

"जाणत्याला सुचणारच!"

मालूनं वडी उचलून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बॅग भरून मावशीकडे गेली. तिथून परस्पर दुपारची गाडी धरणार होती.

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, तुम्ही बीएस्सी झालेले, जाणतेच की! मग करून दाखवा!" माझं रंगाचं दुकान. राळेचा डबा आणि रांगोळीची पूड मीच आणून त्यांच्यापुढे आदळली.

अण्णा धोतर खोचून स्वयंपाकघरात बसले. पूड थोडी घातली, तर घट्ट झालेली वडी किटलीवर ढिम्म तापेना. भरपूर घातली, तर सगळ्याचा गोळा झाला, आणि पळी पातेल्यात उभीच्या उभी चिकटली. ओढून ओढून दांडा वाकला. मला हसू आवरेना. अण्णा मात्र पातेल्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "टांगा बोलाव."

मालू स्टेशनवर बाकावर बसली होती. अण्णांनी पळीसकट पातेलं तिच्यापुढे धरलं.

"मला नाही जमलं गं. एवढी पूड घालून ओतलीस कशी?"

मालूला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. "जाड आणि बारीक दाणे जोडीनं घालायचे, अण्णा. जाडाच्या फटीत बारीक बसतो, म्हणून गोळा होत नाही."

अण्णांनी या वेळी मध्ये तोंड घातलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्ज मी लिहितो. नाकारायच्या सगळ्या खुब्या मला ठाऊक आहेत. कोण नाकारतंय ते बघतोच!" मग तिची बॅग उचलली. "पण आधी घरी चल, माले. दिवसभर बोलायला कुणी नसतं, म्हणून गल्लीभर भांडत फिरतो गं मी."

गाडी आली, आणि मालूला न घेताच गेली.